आप्पा, तुम्ही बिडी ओढत नव्हतात

आप्पा,

तुमच्या दहाव्याला दोघांनी मला एकच गोष्ट विचारली. "लई बिड्या वढायचे का हो आप्पा?" पहिला तुमचा लांबचा पाहुणा होता. त्याला ठाऊक नसेल म्हणून मी नुसतं "नाही" म्हणाले. दुसरा आपल्याच ऑफिसातला क्लार्क होता. त्याला उत्तर द्यायचं मी टाळलं, कारण तोंड उघडलं असतं तर घाटावर तमाशा झाला असता. तिसऱ्याने विचारलंसुद्धा नाही, त्याने सांगूनच टाकलं. हातात माइक घेऊन, भीमेच्या पाण्याकडे पाठ करून तो पुढारी म्हणाला, की आप्पांनी वनाची सेवा केली, पण व्यसनापुढे भलेभले हरतात, तेव्हा तरुणांनी यातून बोध घ्यावा.

मी उठून उभी राहिले. माइकच्या दिशेने दोन पावलं टाकलीही. माईंनी माझं मनगट धरलं. नवरा जाऊन दहा दिवस झालेल्या बाईच्या हातात एवढी ताकद कुठून आली कोण जाणे.

"बसा मॅडम," त्या हळूच म्हणाल्या. "लोकं जेवायची हायेत अजून."

मी बसले. पण त्या दिवसापासून घास गिळताना तो राग आडवा येतोय. म्हणून लिहायला बसलेय. तुम्हाला अक्षर वाचता येत नव्हतं, मीच मोठ्याने वाचून दाखवायचे. आताही तसंच करतेय असं समजा.

तुम्ही बिडी ओढत नव्हतात. उलट माळावर कुणी बिडी पेटवलेली दिसली, की तुम्ही त्याच्या तोंडातून ती काढून पायाखाली चिरडायचात. समोरचा सरपंचाचा भाऊ असला तरी. एकदा एका माणसाने तुमची गचांडी धरली होती आणि तुम्ही शांतपणे त्याला म्हणाला होतात, "मारायचं तर मार, पन आदी खाली बघ, गवात किती वाळलंय." आपल्या बीटमध्ये, म्हणजे आपल्याकडे राखायला दिलेल्या वनहद्दीत, ठिणगीला तुमच्याइतकं कोणी घाबरत नसेल. आणि तुमच्याच फोटोला हार घालून लोक म्हणतात, बिडीने गेले.

मी दौंडची, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली. परीक्षा देऊन वनरक्षक झाले आणि शिरूर तालुक्यातलं बीट मिळालं, तेव्हा वन म्हणजे झाडं एवढंच माझ्या डोक्यात होतं. इथे येऊन बघते तर सगळा माळ. गुडघ्याएवढं वाळलेलं गवत, मध्येच एखादी बाभूळ, एखादा हिवर. पहिल्या दिवशी मी वैतागून विचारलं होतं, "आप्पा, यात राखायचं काय?" तुम्ही हसला नाहीत. मला चालवत एका ओघळीपाशी नेलंत आणि मातीतला ठसा दाखवलात. "लांडगीन. पिलांवर हाय. आमच्या बापाची निम्मी मेंढरं हिच्या आज्ज्या-पणज्यांनी खाल्ली. आता मीच राखतोय तिला." त्या वर्षी जाळरेषा काढताना, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवताचा पट्टा आधीच काढून टाकतो तेव्हा, तुम्ही त्या बिळाभोवती एक जास्तीचा पट्टा काढलात. कोणी सांगितलं नव्हतं.

तुम्ही रोजंदारीवरचे वनमजूर, मी पगारी वनरक्षक. कागदावर मी तुमची साहेब. प्रत्यक्षात मी तुमच्याकडे शिकायला होते. चारचौघांत तुम्ही मला मॅडम म्हणायचात, आगीत पोरी. माझा पहिला वणवा फेब्रुवारीतला. कोणीतरी उसाचं पाचट पेटवलं होतं, वारं फिरलं आणि आग बांध ओलांडून आपल्या हद्दीत शिरली. मी स्कूटी लावेपर्यंत तुम्ही आणि तुमच्यासोबतचा मजूर बबन कडुनिंबाच्या डहाळ्या घेऊन आग झोडपत होतात. तुम्ही माझी पाण्याची बाटली हिसकावून घेतलीत, तुमच्या टॉवेलवर रिकामी केलीत आणि तो टॉवेल माझ्या नाकातोंडाला बांधलात.

"वला कपडा असला म्हंजी धूर आत जात न्हाई. आन् वाऱ्याच्या पाठीला ऱ्हायचं, पोरी. तोंडाला जायचं न्हाई."

"मग तुम्ही कुठे निघालात?"

"कुनीतरी जायाला लागतंच की."

आणि तुम्ही वाऱ्याच्या तोंडाला गेलात. टॉवेल माझ्या तोंडाला होता. तुमच्या तोंडाला काही नव्हतं.

नंतर ब्लोअर आला. पाठीला अडकवायचं यंत्र, पेट्रोलवर चालणारं, जोराची हवा मारून गवत आणि ठिणग्या मागे ढकलणारं. बबनच्या कमरेला ते झेपेना, म्हणून तुम्ही घेतलंत. ब्लोअरवाला माणूस आगीच्या सगळ्यात जवळ. पुढून गवताचा धूर, मागून यंत्राचा. पेट्रोल संपलं की तुम्ही मागे यायचात, तेव्हा डोळे लाल आणि नाकाखाली काळ्या दोन रेघा. आम्ही त्यावर हसायचो. बबन म्हणायचा, आप्पांना मिशी फुटली. मीही हसायचे, आप्पा. सांगायला लाज वाटते, पण हसायचे.

मी मास्क मागितले होते, हे तुम्हाला माहीत आहे, कारण तो अर्ज तुम्हाला वाचून दाखवला होता. नुसते कापडाचे नकोत, धुरातले बारीक कण अडवणारे, फिल्टर बदलता येणारे, असं लिहिलं होतं. उत्तर आलं, तरतूद नाही. मग उन्हाळ्याच्या तोंडाशी एक खोकं आलं. निळे, पातळ, दवाखान्यात देतात तसले. ऑफिसच्या दारात बॅनर लागला, तुम्हा सगळ्यांना ओळीत उभं केलं, मास्क हातात दिले आणि फोटो काढला. त्या फोटोत तुम्ही मान खाली घालून मास्कची दोरी बघताय. दुसऱ्याच आगीत ती दोरी कानाजवळ वितळली. तुम्ही मास्क काढून खिशात ठेवलात आणि म्हणालात, "ऱ्हाऊ द्या, पोरीच्या बाहुलीला व्हतील." तुमच्या नातीच्या बाहुलीला ते झालेही असतील. तुमच्या फुप्फुसांना झाले नाहीत.

आता कारेगावच्या अलीकडची ती आग. हे मला लिहायचं नव्हतं.

एप्रिलची दुपार होती. आपल्या हद्दीच्या कडेला कोणीतरी ट्रॉल्या भरभरून कचरा ओतून गेलं होतं. फोम, वायरींची सालपटं, रंगाचे डबे, कसल्यातरी चिकट पावडरीच्या गोण्या. कोणाचा होता ते अजून कळलेलं नाही, कारण कोणी शोधलेलंच नाही. गवताची आग त्या ढिगाला लागली. गवताचा धूर आपल्याला ओळखीचा, पांढरट, डोळ्यांना झोंबणारा. हा धूर काळा होता, गोडसर वासाचा, आणि तो वर न जाता जमिनीलगत लोळत होता. पाण्याचा टँकर शिक्रापूरच्या चौकात ट्रकांच्या रांगेत अडकलेला. तुम्ही ब्लोअर घेऊन ढीग आणि गवत यांच्या मधोमध उभे राहिलात. पेट्रोल संपलं, भरलं, पुन्हा उभे राहिलात. ऊन कलेपर्यंत हेच.

मग तुम्ही खाली बसलात. ब्लोअर पाठीलाच. दोन्ही हात जमिनीला टेकवून खोकत होतात आणि खोकल्यातून काळं पडत होतं. रस्त्यावर माझ्या वरच्या साहेबांची जीप उभी होती, काचा वर केलेली. साहेबांनी आतूनच हाताने खूण केली, तो माणूस का बसलाय. मी धावत तुमच्यापाशी आले. पाणी द्यायला हवं होतं. ब्लोअरचे पट्टे सोडायला हवे होते. मी काय म्हणाले ते तुम्हाला आठवत असेल. मला तर शब्दन्‌शब्द आठवतो.

"आप्पा, उठा. साहेब बघतायत."

तुम्ही माझ्याकडे एकदा बघितलंत. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. तुम्ही "व्हय मॅडम" म्हणालात आणि उठलात. आगीत असूनही पोरी म्हणाला नाहीत.

या एका वाक्याची माफी मी तुमच्याकडे कधी मागितली नाही. विषय निघाला असता तर तुम्हीच तो दुसरीकडे वळवला असतात, लांडगिणीबद्दल काहीतरी सांगितलं असतंत, हे मला माहीत आहे. म्हणूनच मी काढला नाही. मला सोयीचं होतं ते.

त्यानंतर तुमचा खोकला गेलाच नाही. माळावर चालताना तुम्ही मध्येच थांबायचात, वाकून मातीत काहीतरी निरखायचात. मला वाटायचं, ठसे बघताय. मीही वाकून बघायचे आणि मला काही दिसायचं नाही. वाटायचं, माझी नजर अजून तयार नाही. ठसे नव्हतेच, आप्पा. तुम्ही दम खात होतात. हे मला बबनने सांगितलं, तुम्ही खाटेला खिळल्यावर.

मी एकदा तुमच्याशी भांडलेही. ऑफिसला लिहून कळवते म्हणाले, की आगीच्या धुराने मजुराच्या छातीला त्रास आहे, तपासणी करावी. तुम्ही इतके चिडलेले मी कधी पाहिले नव्हते.

"लिहू नका. लिहिलं की हा मानूस कामाचा न्हाई म्हनत्याल. उद्यापासून बोलवायचं बंद."

"असं कसं करतील?"

"तुमचं काय जातंय मॅडम. तुम्ही पर्मनंट."

मी लिहिलं नाही. तुमचा शब्द राखला असं मी स्वतःला सांगत राहिले. खरं सांगू? मलाही बरं वाटलं होतं. लिहिलं असतं तर मला विचारलं असतं, की त्याला आगीत पाठवलं कोणी. आप्पा, मी तुमच्यावरही रागावलेली आहे. एवढा माळ ओळखणारा माणूस, वारं कुठून फिरणार ते मेंढरांच्या कानांवरून सांगणारा. आपल्या छातीत काय चाललंय ते तुम्हाला कळत नव्हतं असं मी मानणार नाही. तुम्हाला कळत होतं आणि तुम्ही लपवलंत. आम्ही तुम्हाला लपवायला लावलं, हेही तितकंच खरं.

शिरूरच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि पहिलाच प्रश्न केला, "बिडी किती वर्षं?" तुम्ही म्हणालात, "कवाच न्हाई." त्यांनी मान हलवली आणि कागदावर बिडी लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं. मी म्हणाले, हे वणव्यात काम करतात, धूर लिहा. ते म्हणाले, "धुराचा रकाना नाही यात. चूल आहे. चूल लिहू?" तुम्ही मला डोळ्यांनीच गप्प केलंत आणि बाहेर आल्यावर जिन्यातच बसकण मारलीत. खोकल्याची उबळ ओसरल्यावर म्हणालात, "मी फॉरेस्टची बिडी वढलीया, मॅडम. रोजची, फुकाट." जिन्यावरून वर चाललेली एक बाई तुमचं ते ऐकून हसली. मला हसता आलं नाही.

मग तुम्हाला पुण्याला नेलं, तिथली तरुण डॉक्टर मात्र चांगली होती. तिने खुर्ची ओढून घेतली आणि सगळं विचारलं. किती तास, किती जवळून, काय जळत होतं, नाकाला काय बांधायचात. ओला टॉवेल म्हटल्यावर तिने मान खाली घातली. म्हणाली, "काका, ओल्या कपड्याने जाडी राख थोडी अडते. बारीक कण आणि वायू सरळ आत जातात." तुम्ही लगेच माझ्याकडे वळलात. स्वतःचं काही विचारलं नाहीत. "म्हंजी पोरीच्या बी आत गेला असंल की. हिची बी तपासणी करा."

दरवर्षी नव्या मजुरांना मी ओल्या टॉवेलचाच धडा देत होते. तुमचाच शब्द वापरून, वला कपडा.

मग वस्तीवरचे ते महिने. मांडवगण फराट्याच्या पुढे, उसाच्या कडेला तुमची दोन खोल्यांची वस्ती. हवेतून ऑक्सिजन काढणारं यंत्र उशाशी घरघरत असायचं, नाकात नळी, आणि वीज गेली की यंत्र बंद. मग माई पुठ्ठ्याने वारा घालायच्या. पुठ्ठ्याने ऑक्सिजन मिळत नाही हे त्यांना कळत होतं, पण हात थांबत नव्हते. चालता येत असताना मेंढरांमागे कोसकोस फिरलेला माणूस संडासपर्यंत जायला तीन ठिकाणी थांबायचा. मी आले की तुम्ही माळाची चौकशी करायचात. गवत किती वाढलंय, रेषा काढायला घेतल्या का, कोणत्या बाजूने सुरुवात केली. मी सांगायचे आणि तुम्ही डोळे मिटून ऐकायचात. एकदा मी चुकून पूर्वेकडून म्हणाले, तर डोळे न उघडता म्हणालात, "चुकलं. पश्चिमेकडनं घ्या. वारं तिकडनं येतंय." ते काम आम्ही दुसऱ्या दिवशी उलटं फिरवलं. त्या आठवड्यात शेजारच्या रानातून आग आली आणि पश्चिमेच्याच रेषेवर येऊन थांबली. तुम्हाला सांगायला आले, तेव्हा तुम्ही झोपला होतात. नंतर सांगेन म्हटलं. सांगायचं राहिलं.

एका सकाळी माईंनी चहा करून आणला, तोवर तुम्ही गेला होतात.

माईंना काही मदत मिळेल का ते बघायला मी ऑफिसात गेले. क्लार्क म्हणाला, "ड्युटीवर गेले का? भाजले? पडले? जनावरानं धरलं?" मी म्हणाले, धुराने गेले. तो म्हणाला, "धूर हे कारण बसत नाही मॅडम. आणि ते आगीत होते याला पुरावा काय?"

पुरावा माझ्याकडेच होता. प्रत्येक वणव्यानंतर मीच अहवाल लिहिते. मी कपाटातून सगळे अहवाल काढले आणि त्याच्या टेबलावर एकेक उघडत गेले. जळालेलं क्षेत्र, लिहिलेलं होतं. जळालेली रोपं, लिहिलेली. तितरांची घरटी, तीसुद्धा एका वर्षी मोजून लिहिलेली. आग विझवणाऱ्यांची नावं, तुमचं नाव प्रत्येक अहवालात. आणि शेवटचा रकाना, मनुष्यास इजा. त्यापुढे निरंक. पुढचा अहवाल, निरंक. कारेगावचा अहवाल काढला. तुम्ही जमिनीला हात टेकून काळं थुंकत होतात त्या दिवसाचा. निरंक. अक्षर माझं. वळणदार, शाईच्या पेनाने, कुठे खाडाखोड नाही. शाळेत अक्षराला बक्षीस मिळालं होतं मला.

क्लार्कने अहवाल माझ्याकडे परत सरकवले. "तुम्हीच लिहिलंय, मॅडम, काही झालं नाही म्हणून."

त्या पुढाऱ्यावर, साहेबांवर, तरतुदीवर मी इतके दिवस जो राग धरून बसले होते, तो तिथे त्या टेबलावर माझ्याकडे वळला. तो कमी झालेला नाही. फक्त आता त्यात एक माणूस वाढलाय.

गेल्या आठवड्यात पुन्हा वणवा लागला. धूर खाली बसायला लागला तसं मी शिट्टी मारून सगळ्यांना मागे घेतलं. तुमच्यामागे, कंबर दुखत असूनही, ब्लोअर बबनच घेतो; तो सोडायला तयार नव्हता, त्याच्या पाठीवरचे पट्टे मी स्वतः सोडले. आम्ही रेषेच्या अलीकडे पाणी पीत उभे राहिलो आणि गवत जळू दिलं. पुष्कळ जळलं. तुम्हाला ते बघवलं नसतं, मलाही बघवत नव्हतं. ज्या उतारावर लांडगिणीचं बीळ होतं तो सगळा काळा झाला. बीळ या वर्षी रिकामं होतं, एवढंच.

अहवालात मी शेवटच्या रकान्यात चार नावं लिहिली. कोणाला किती वेळ खोकला, कोणाच्या डोळ्यांना सूज, कोणाला रात्रभर छातीत जळजळ. माझंही नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला.

"एवढं क्षेत्र का जळू दिलं त्याचा खुलासा द्या. आणि हे इजेचं काय लिहिलंय? निरंक करून पाठवा."

"निरंक नाही, साहेब."

"अहो, खोकल्याला कोणी इजा म्हणतं का?"

"किती खोकल्याला म्हणायचं, तेवढं लेखी द्या साहेब. त्याप्रमाणे लिहिते."

त्यांनी फोन ठेवला. नोटीस काल आली. उत्तर लिहून झालंय, दोन पानं आहेत, तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवल्यासारखं एकदा वाचलं. अहवाल बदललेला नाही.

बबनचा खोकला मला बरा वाटत नाही. तोही आधी नको म्हणत होता, काम जाईल म्हणत होता. मी त्याला म्हणाले, तपासणीला मी सोबत येते, आणि कागदावर काय लिहायचं ते डॉक्टरांना मी सांगते. उद्या सकाळी पुण्याला जायचंय. रजेचा अर्ज दिलाय. मंजूर झालेला नाही. तरी जाणार आहे.